कंठातून ताडपत्रावर

कुसिनारा ही मल्लांची नगरी लहानशी, मातीच्या भिंतींची, रानाच्या कडेला वसलेली. भगवान बुद्धांनी अशा आडगावात देह ठेवावा, हे आनंदांना रुचेना. चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी मोठमोठी नगरे असताना इथेच का, असे त्यांनी विचारलेही. बुद्ध तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. राजगृहाहून निघून गंगा ओलांडून, वैशालीजवळच्या बेलुव गावी कडक दुखणे सोसून ते पायीच इथवर आले होते. पावा गावात चुंद नावाच्या लोहाराच्या घरचे जेवण झाले आणि पोटाचा विकार उलटला. तरीही वाट चालून दोन शालवृक्षांच्या मधोमध त्यांनी अंथरूण घालायला सांगितले.

आनंद पंचवीस वर्षे त्यांच्या सेवेत होते. विहाराच्या दाराला टेकून ते रडत उभे राहिले, तेव्हा बुद्धांनी त्यांना बोलावून घेतले आणि जे जन्माला आले ते मोडणारच, याची आठवण करून दिली. मग त्यांनी जे सांगितले, त्यातून बौद्ध धम्माचा पुढचा सारा इतिहास घडला. माझ्यामागे आपल्याला शास्ता उरला नाही असे समजू नका. मी शिकवलेला धम्म आणि घालून दिलेला विनय हाच तुमचा शास्ता, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. बेलुवला असतानाही वारस नेमण्याच्या अपेक्षेला त्यांनी नकारच दिला होता. आपण काही मुठीत झाकून ठेवलेले नाही, ज्याने त्याने स्वतःचाच आधार घ्यावा, हे त्यांचे उत्तर होते.

या घटनेचे वर्ष परंपरा इ.स.पू. ५४४ किंवा ५४३ मानते, तर संशोधक ते इ.स.पू. ४८३ च्या आसपास किंवा इ.स.पू. ४०० च्या सुमारास आणतात. कोणतीही तारीख धरली तरी संघापुढची अडचण तीच राहते. गादी नव्हती आणि ग्रंथही नव्हता. पंचेचाळीस वर्षांत गंगेच्या खोऱ्यात राजांना, शेतकऱ्यांना, गणिकांना, न्हाव्यांना, दरोडेखोरांना जे जे सांगितले गेले, ते फक्त ऐकणाऱ्यांच्या स्मरणात होते. गुरूचे आसन माणसाला न देता वचनाला दिले, म्हणजे ते वचन जपण्याची जबाबदारी सगळ्यांवर आली. जपताना ते तपासण्याचीही आली. बुद्धवचन कसे टिकले याचा इतिहास म्हणजे या दोन कामांचा इतिहास आहे.

सप्तपर्णी गुहेतला वर्षावास

बुद्धांचे ज्येष्ठ शिष्य महाकाश्यप पाव्याहून कुसिनाऱ्याकडे येत असताना त्यांना वाटेत परिनिर्वाणाची बातमी कळली. सोबतचे भिक्खू शोक करू लागले. त्यांच्यात म्हातारपणी प्रव्रज्या घेतलेला सुभद्र नावाचा एक भिक्खू होता. तो म्हणाला, की बरेच झाले, हे करा आणि ते करू नका असा जाच आता संपला, आपण हवे तसे वागू. हे शब्द महाकाश्यपांच्या मनाला लागले. देहाला अग्नी देण्याआधीच अशी भाषा सुरू झाली, तर आणखी काही वर्षांनी काय उरेल?

त्याच वर्षाच्या पावसाळ्यात राजगृहात, वैभार टेकडीवरच्या सप्तपर्णी गुहेपाशी पाचशे भिक्खू जमले. महाकाश्यपांनी विनय विचारायचा आणि उपालींनी सांगायचा, असे ठरले. उपाली हे शाक्यांचे न्हावी. ज्या राजकुमारांची ते श्मश्रू करत, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याआधी त्यांची उपसंपदा झाली होती, म्हणजे ते कुमार कायमचे त्यांचे कनिष्ठ ठरले होते. बौद्ध संघाची आचारसंहिता पहिल्यांदा एका न्हाव्याच्या मुखातून सिद्ध झाली, हे भारताच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहावे असे वाक्य आहे.

धम्म सांगण्याचे काम आनंदांकडे आले. सेवेत रुजू होतानाच त्यांनी एक अट घातली होती, की आपण हजर नसताना झालेले प्रवचन भगवंतांनी नंतर आपल्याला पुन्हा ऐकवावे. ती अट आता साऱ्या संघाच्या कामी आली. कोणते प्रवचन कुठे झाले, कोणाला उद्देशून झाले, काय निमित्ताने झाले, हे महाकाश्यप विचारत आणि आनंद सांगत. म्हणूनच आजही बहुतेक सुत्तांच्या आरंभी ऐकणाऱ्याची साक्ष आणि ठिकाणाचे नाव येते. जे सांगितले गेले, ते सगळ्यांनी मिळून म्हटले आणि मगच ते संघाचे झाले.

या सभेची हकिगत विनयपिटकाने गुळगुळीत करून सांगितलेली नाही. आनंदांवर तिथे दोष ठेवण्यात आले. बारीकसारीक नियम सोडायला हरकत नाही असे भगवंत म्हणाले, तेव्हा ते नियम नेमके कोणते हे का विचारले नाहीस? स्त्रियांना संघात घेण्यासाठी रदबदली का केलीस? त्यांनी आधी देहाचे दर्शन घ्यावे, त्यांच्या अश्रूंनी देह भिजावा, हे का होऊ दिलेस? मला यात दोष दिसत नाही, पण संघावरच्या श्रद्धेपोटी मी तो कबूल करतो, असे आनंद प्रत्येक वेळी म्हणाले. ज्यांच्या शब्दावर सारे सुत्तपिटक उभे आहे, त्यांचीच उलटतपासणी झाली आणि ती लपवली गेली नाही.

त्याहून विलक्षण प्रसंग सभा संपल्यावरचा आहे. दक्षिणागिरीहून पुराण नावाचे स्थविर आपल्या भिक्खूंसह वेळुवनात आले. थेरांनी जे संगायन केले ते तुम्हीही माना, असे त्यांना सांगण्यात आले. संगायन उत्तम झाले आहे, असे पुराण नम्रपणे म्हणाले. पण भगवंतांच्या तोंडून मी स्वतः जसे ऐकले, तसेच मी लक्षात ठेवीन, असेही त्यांनी सांगितले. संघाने त्यांना बहिष्कृत केले नाही. त्यांचे उत्तर मात्र आठवणीत ठेवले आणि पुढच्या पिढ्यांना पाठ करायला दिले.

स्मरणाची बांधणी

इतके वाङ्मय तोंडपाठ कसे राहिले असेल, असा प्रश्न आज पडतो. दीघनिकायात ३४ लांब सुत्ते आहेत, मज्झिमनिकायात १५२ मध्यम लांबीची, संयुत्त आणि अंगुत्तर निकायांत लहान लहान अशी हजारो. पाली सुत्ते पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यांतल्या पुनरुक्तीचा कंटाळा येतो, पण ती कानासाठी रचलेली आहेत. जात्यावरच्या ओवीत एक चरण पुन्हा पुन्हा येते आणि पुढच्या ओळीला हात देते, तसे इथले ठरावीक परिच्छेद म्हणणाऱ्याला पुढच्या मुद्द्यापर्यंत नेऊन पोचवतात.

दुसरा आधार संख्येचा. चार आर्यसत्ये, आर्य अष्टांगिक मार्ग, पाच स्कंध, सात बोध्यंगे, प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या. आकडा पक्का असला की एखादी कडी गळाली तर लगेच कळते. अंगुत्तरनिकायाची रचनाच एकापासून अकरापर्यंतच्या संख्यांवर आहे. याची सुरुवात बुद्ध हयात असतानाच झाली होती. पाव्यात निगंठ नातपुत्तांच्या, म्हणजे महावीरांच्या, निधनानंतर त्यांच्या अनुयायांत भांडणे लागल्याची बातमी आली. त्या रात्री बुद्धांची पाठ दुखत होती, म्हणून त्यांनी आपले शिष्य सारिपुत्त यांना बोलायला सांगितले. सारिपुत्तांनी सारी शिकवण एकापासून दहापर्यंत संख्यावार मांडली आणि ती सर्वांनी एकत्र म्हणावी, तिच्यावरून वाद घालू नयेत, असे सुचवले. दीघनिकायातले संगीतिसुत्त ते हेच.

तिसरा आधार कामाच्या वाटणीचा. अट्ठकथांच्या, म्हणजे भाष्यग्रंथांच्या, परंपरेनुसार पहिल्या सभेनंतर दीघनिकाय आनंदांच्या शिष्यांकडे, मज्झिम सारिपुत्तांच्या शिष्यांकडे, संयुत्त महाकाश्यपांच्या आणि अंगुत्तर अनुरुद्धांच्या शिष्यांकडे सोपवला गेला. त्यातून भाणकांच्या, म्हणजे पाठ म्हणणाऱ्यांच्या, परंपरा उभ्या राहिल्या. कोणी दीघभाणक, कोणी मज्झिमभाणक. शिवाय दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी सर्व भिक्खूंनी जमून पातिमोक्ख, म्हणजे नियमांचा पाठ, म्हणायचा. थेरवादी परंपरेत भिक्खूंसाठी २२७ आणि भिक्खुणींसाठी ३११ नियम आहेत. म्हणणारा चुकला तर ऐकणारे थांबवत.

ही स्मृती केवळ भिक्खूंची नव्हती. कौशांबीच्या उदयन राजाची राणी सामावती हिला राजवाड्याबाहेर जाता येत नसे. तिची दासी खुज्जुत्तरा पाठीत वाकलेली होती. राणीच्या फुलांच्या पैशांतले निम्मे ती रोज स्वतःकडे ठेवायची. एकदा तिने बुद्धांचे प्रवचन ऐकले आणि त्या दिवशी सगळ्या पैशांची फुले आणली. राणीने विचारल्यावर तिने खरे सांगून टाकले. तेव्हापासून सामावतीने तिला उंच आसनावर बसवले आणि ती रोज बुद्धांकडे जाऊन जे ऐके, ते अंतःपुरातल्या स्त्रियांना जसेच्या तसे सांगू लागली. इतिवुत्तक या ग्रंथातली ११२ सुत्ते तिनेच जपली, असे परंपरा मानते. बुद्धांनी बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले. थेरीगाथेत तर भिक्खुणींनी स्वतःच्या मुक्तीचे उद्गार स्वतःच्या शब्दांत मागे ठेवले आहेत.

खरेखोटे ठरवण्याची कसोटीही बुद्धांनीच देऊन ठेवली होती. अखेरच्या प्रवासात भोगनगरला त्यांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल, मी हे प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल, अमक्या संघाकडून, विद्वान स्थविरांच्या मंडळीकडून किंवा एखाद्या बहुश्रुत स्थविराकडून ऐकले. ते लगेच स्वीकारू नका आणि लगेच झिडकारूही नका. त्याचे शब्द नीट लक्षात घ्या, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. सांगणारा किती मोठा आहे, याला या कसोटीत जागा नाही.

वैशालीतली नाणी

परंपरेच्या मते परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी यश काकंडकपुत्र नावाचे भिक्खू वैशालीला आले. उपोसथाच्या दिवशी तिथल्या वज्जी भिक्खूंनी तांब्याचे पात्र पाण्याने भरून ठेवले होते आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगत होते. भिक्खूंना सोने-चांदी घेण्याची मनाई आहे, असे यशांनी उपासकांना उघडपणे सांगितले. वज्जी भिक्खूंनी आधी त्यांना वाटा देऊ केला, तो त्यांनी नाकारला, तेव्हा त्यांच्यावरच कारवाई केली. यशांनी पश्चिमेकडच्या आणि दक्षिणापथाच्या भिक्खूंकडे निरोप धाडले. अवंती-दक्षिणापथाकडचे भिक्खू अहोगंग पर्वतावर त्यांना येऊन मिळाले. पुढे वैशालीत सातशे भिक्खूंची सभा भरली, दहा मुद्द्यांवर एकेक करून प्रश्न झाले आणि वयोवृद्ध सब्बकामी स्थविरांनी ते सर्व विनयाला धरून नाहीत असा निर्वाळा दिला.

थेरवादी इतिवृत्ते महासांघिकांची वेगळी वाट या सुमारास फुटली असे सांगतात. तेव्हापासून संघ एकसंध राहिला नाही आणि वेगवेगळ्या निकायांचे, म्हणजे इथे पंथांचे, पाठ वेगवेगळे जपले जाऊ लागले. हे नुकसान वाटते, पण पुढे याच फाटाफुटीतून एक मोठा पुरावा हाती आला. त्याकडे नंतर येऊ.

दगडावर सात नावे

राजस्थानात बैराटला १८४० साली एक शिलालेख सापडला. तो आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोक संघाला अभिवादन करतो आणि सात धम्मपर्यायांची नावे देऊन ते भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत व मनात धरावेत अशी इच्छा व्यक्त करतो. खोटे बोलण्याबद्दल राहुलाला केलेला उपदेश त्यात आहे, अनागत भयांचे सुत्त आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात राजा एकेका सुत्ताचे नाव घेऊ शकत होता, म्हणजे तोवर त्यांना ठरलेला आकार आला होता. आणि त्याने ऐकायला सांगितले, वाचायला नाही.

संघ फोडणाऱ्यांना पांढरी वस्त्रे नेसवून बाहेर काढावे, असे लेख अशोकाने सांची, सारनाथ आणि कौशांबी येथे कोरवले. संघातल्या भांडणांना त्यातून दुजोरा मिळतो. पाटलिपुत्राला मोग्गलिपुत्त तिस्स यांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती, म्हणजे संगायनाची सभा, झाली, असे सिंहली इतिवृत्ते सांगतात. कथावत्थु हा अभिधम्मातला ग्रंथ या सभेशी जोडला जातो. त्यात विरोधी मते प्रश्नोत्तरांनी एकेक करून तपासली आहेत. सभेनंतर नऊ दिशांना धम्मदूत गेले. हिमालयाकडे गेलेले मज्झिम आणि कस्सपगोत्त यांची नावे सांचीच्या दुसऱ्या स्तूपातल्या अस्थिकरंडकांवर कोरलेली सापडली, तेव्हा इतिवृत्तांतल्या या भागाला भक्कम आधार मिळाला.

त्याच यादीत आपला मुलूखही आहे. महारट्ठाला महाधम्मरक्खित आले आणि अपरांताला, म्हणजे कोकणपट्टीला, धम्मरक्खित नावाचे यवन स्थविर आले, असे महावंस हे सिंहली इतिवृत्त सांगते. अपरांतातले मोठे बंदर सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही शोधून काढला. सोपाऱ्याचा एक भाणक तर आपल्याला नावानिशी माहीत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब धम्मुत्तरीय निकायाच्या, सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिला आहे. एकवीरेच्या दर्शनाला आलेले हजारो लोक त्या चैत्याच्या दारावरून जातात. बुद्धवचन मुखोद्गत करणाऱ्या एका माणसाने आपले नाव मागे ठेवलेली ही महाराष्ट्रातली जागा आहे.

दुष्काळाची बारा वर्षे

अशोकाचा पुत्र महिंद इ.स.पू. २५० च्या सुमारास लंकेत पोचले. मिहिंतलेच्या डोंगरावर त्यांची आणि देवानांपिय तिस्स राजाची भेट झाली. अनुराधपुरात महाविहार उभा राहिला. त्यांची बहीण संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी नेली आणि भिक्खुणीसंघ स्थापन केला. पाली तिपिटक लंकेत पोचले तेही कंठातूनच.

दीडशे वर्षांनी बेटावर संकट कोसळले. इ.स.पू. १०३ मध्ये वट्टगामणी अभय राजा झाला, तोच रोहण प्रांतात तिस्स नावाच्या बंडखोराने उठाव केला आणि दक्षिण भारतातून आलेल्या सैन्याने राजधानी घेतली. राजा रानावनांत लपला. त्यातच दुष्काळ पडला. अट्ठकथांत त्या बारा वर्षांची वर्णने आहेत. पुष्कळ भिक्खू समुद्र ओलांडून भारतात निघून गेले. साठ भिक्खू किनाऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. त्यांनी मलय प्रदेशातल्या डोंगरात मुळे आणि पाने खाऊन दिवस काढले. अंगात बळ होते तोवर ते बसून पाठ म्हणत. बसवेनासे झाले, तेव्हा वाळूचे ढीग करून त्यांवर डोकी एकमेकांकडे करून ते आडवे पडत आणि मनातल्या मनात सुत्ते फिरवत. परदेशी गेलेले सातशे भिक्खू पुढे परत आले, तेव्हा दोन्ही गटांनी आपापले पाठ ताडून पाहिले. एका अक्षराचाही फरक निघाला नाही, असे अट्ठकथा सांगते.

याच काळातली दुसरी हकिगत तितकीच बोलकी आहे. महानिद्देस हा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू बेटावर उरला होता आणि त्याचे आचरण भ्रष्ट होते. महारक्खित स्थविरांना त्याच्याकडून ग्रंथ शिकून घ्यायला सांगितले गेले, तेव्हा ते म्हणाले की अशा माणसाकडून मी शिकणार नाही. मी तुझ्याशेजारी बसतो, असे वडील स्थविर म्हणाले, तेव्हा ते तयार झाले. रात्रंदिवस पाठ घेऊन त्यांनी ग्रंथ उचलला. सांगणारा कसाही असो, वचन बुडता कामा नये, ही महापदेशाचीच शिकवण त्यांनी कठीण दिवसांत आचरणात आणली.

सुबत्ता आल्यावर मंडलाराम विहारात एक वाद झाला. शासनाचे मूळ कशात आहे, ग्रंथांच्या अध्ययनात की आचरणात? चिंध्यांची चीवरे वापरणारे तपस्वी म्हणाले, आचरणात. धम्मकथिक म्हणाले, अध्ययनात. दगडावर पुरलेल्या धनाची खूण कोरलेली असेल, तर अक्षरे टिकतील तोवर धन हरवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. निकाल धम्मकथिकांच्या बाजूने लागला. वाळूवर पडून सुत्ते जपणाऱ्यांच्या पिढीनंतर हा निकाल लागावा, हे समजण्यासारखे आहे. पण त्या भिक्खूंकडे पाहिले की अध्ययन आणि आचरण वेगळे काढता येत नाही. पोटात अन्न नसताना दुसऱ्यांसाठी पाठ जपणे, यापरते आचरण कोणते?

लेखणी

इ.स.पू. ८९ मध्ये वट्टगामणीने राज्य परत मिळवले. आणखी एक नवीन अडचण त्याच्यामुळेच उभी राहिली. त्याने अभयगिरी विहार बांधून एका स्थविरांना दान दिला आणि त्यातून महाविहाराला प्रतिस्पर्धी निर्माण झाला. दुष्काळाची आठवण ताजी होती, राजाश्रय डळमळीत होता, पाठांतर करणारे कमी होत होते. अशा वेळी भिक्खूंनी तिपिटक आणि अट्ठकथा लिहून काढण्याचे ठरवले. परंपरा सांगते की हे काम मातलेजवळच्या आलोकविहारात, आजच्या अलुविहारेत, पाचशे भिक्खूंनी केले. महावंसाने या घटनेला मोजून दोनच गाथा दिल्या आहेत.

लंकेतल्या ताडाची पाने उकळायची, वाळवायची, घासून गुळगुळीत करायची. लोखंडी शलाकेने अक्षरे कोरायची आणि काजळी-तेल चोळून ती काळी करायची. अशी पोथी दमट हवेत काही शतकेच टिकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा उतरवावी लागते. लिहिले म्हणून पाठांतर थांबले नाही. एकाने उतरवावे आणि दुसऱ्याने म्हणून तपासावे, असे दोन्ही चालू राहिले.

भारताच्या वायव्येला भूर्जपत्रांवर गांधारी भाषेत आणि खरोष्ठी लिपीत लेखन झाले. मातीच्या घटांत मिळालेल्या त्या पोथ्यांतल्या काही इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या आहेत. फाहियान ३९९ मध्ये विनयाचे ग्रंथ शोधायला चीनहून निघाला, तेव्हा उत्तर भारतात ते मुखपरंपरेनेच चालू असल्याचे त्याला आढळले. लिहिलेली प्रत त्याला पाटलिपुत्रात मिळाली आणि आणखी काही ग्रंथांसाठी तो लंकेत दोन वर्षे राहिला. चीनमध्ये आगमांची भाषांतरे झाली ती पालीवरून नव्हे, तर भारतातल्या दुसऱ्या निकायांच्या पाठांवरून. वैशालीनंतर शतकानुशतके वेगळे राहिलेले हे पाठ विद्वानांनी आधुनिक काळात समोरासमोर ठेवले. क्रम वेगळा, तपशील कमीजास्त, पण चार आर्यसत्ये, मध्यम मार्ग, अनित्यता, अनात्मता हा गाभा दोन्हीकडे तोच. एकाच घराण्याने पाठ जपला असता, तर हा पडताळा आपल्याला कधीच मिळाला नसता.

परतीची वाट

पाचव्या शतकात बुद्धघोषांनी सिंहली अट्ठकथा पालीत आणल्या आणि विसुद्धिमग्ग लिहिला. पुढे भारतातले विहार ओस पडले आणि पाली इथून नाहीशी झाली. लंका, ब्रह्मदेश आणि सयाम यांनी ती जपली आणि एकमेकांना सावरले. लंकेत उपसंपदेची परंपरा तुटली, तेव्हा १७५३ मध्ये ती सयामहून पुन्हा आली, आणि घेऊन आलेल्या स्थविरांचे नावही उपालीच होते. ब्रह्मदेशात मिंडॉन राजाने मंडालेत ७२९ संगमरवरी शिळांवर तिपिटक कोरवले आणि १८७१ मध्ये पाचवी संगीती भरवली.

मराठी माणसाला ही वाट पुन्हा सापडली ती एका बालमासिकातून. गोव्यात साखवाळला १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धांचे चरित्र वाचले. घर सोडून ते पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असे भटकले आणि १९०२ मध्ये लंकेत पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांजवळ ते पाली शिकले. पुढे ते ब्रह्मदेशात राहिले, हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले, आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. जे ज्ञान दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याच्या भाणकांना मुखोद्गत होते, ते एका गोवेकराने समुद्रापलीकडून शिकून आणले आणि मराठीत लिहिले.

मे १९५४ मध्ये रंगूनला सहावी संगीती सुरू झाली. सप्तपर्णी गुहेच्या आठवणीने मुद्दाम बांधलेल्या गुहेत अडीच हजार भिक्खू जमले. महासी सयाडोंनी प्रश्न विचारले, मिंगुन सयाडोंनी पाठ म्हणून उत्तरे दिली, जसे महाकाश्यपांनी विचारले आणि उपाली-आनंदांनी सांगितले होते. हे काम मे १९५६ मध्ये संपले. ती संगीती चालू असतानाच, डिसेंबर १९५४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी मूळच्या ब्रह्मदेशातल्या, कुसिनाऱ्यात राहणाऱ्या महास्थविर चंद्रमणींकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले आणि मग लाखो लोकांना स्वतः दिले. त्रिशरण-पंचशील पालीत होते, बावीस प्रतिज्ञा मराठीत होत्या.

बाबासाहेबांनी हे वचन जपलेच, पण तपासलेही. त्यांनी पालीचा कोश आणि व्याकरण यांवर काम केले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट लिहिले, की भाणकांच्या पाठांतरावर विसंबलेल्या वाङ्मयात चुकीचे निवेदन शिरण्याची शक्यता असते, आणि बुद्धांच्या हयातीतही असे घडल्याची उदाहरणे खुद्द सुत्तांतच आहेत. जे तर्काला धरून आहे आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, ते बुद्धवचन मानावे, अशी कसोटी त्यांनी दिली. कोणाला यात परंपरेचा भंग दिसला. मला मात्र भोगनगर, पुराण स्थविर आणि यश काकंडकपुत्र यांच्याच ओळीत ती कसोटी दिसते. तपासण्याचा अधिकार वापरणे हेही या परंपरेतले कर्तव्यच आहे.

आता साधनांची वाण नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या देखरेखीखाली नालंदाहून देवनागरी तिपिटक प्रसिद्ध झाले, इगतपुरीहून सहाव्या संगीतीचा पाठ देवनागरीत छापला गेला आणि संगणकावरही आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्हींना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण ग्रंथ कपाटात आहे म्हणून परंपरा जिवंत राहत नाही. लाखो मराठी घरांत आणि विहारांत रोज वंदना म्हटली जाते. तिला जोडून एखादे सुत्त अर्थासह वाचले जावे, मुलांनी त्यावर प्रश्न विचारावेत, मोठ्यांनी ते सुत्ताशी आणि स्वतःच्या आयुष्याशी ताडून पाहावे. महाविद्यालयांतल्या पालीच्या वर्गांना विद्यार्थी मिळावेत आणि तिपिटकाचा सोप्या मराठीतला अनुवाद गावोगावच्या वाचनालयांत असावा. बुद्धांनी शास्त्याचे आसन धम्माला दिले, तेव्हा ते वचन सांभाळणाऱ्यांची जात, वय, लिंग किंवा पद त्यांनी पाहिले नाही. न्हावी, दासी, स्थविर, राजपुत्र अशा सगळ्यांनी हे काम केले. ते आता आपल्याकडे आले आहे, आणि जपणे व तपासणे ही त्याची दोन्ही अंगे आपल्याला पुढे न्यायची आहेत.